लेस्टरच्या गावांचा देवनागरी नकाशा: प्रकल्प नोंदी

12 जानेवारी 2025

रविवारच्या मराठी शाळेत ठरलं की गुढीपाडव्यापर्यंत भिंतीवर लावायला एक मोठा नकाशा करायचा. इंग्लंडमधलं आमचं लेस्टर शहर आणि आसपासची गावं, नावं देवनागरीत, नावाखाली अर्थ. कल्पना मुलांची, काम माझ्या गळ्यात.

घरी येऊन एक्सेल उघडलं. रकाने: आजचं नाव, सर्वात जुनं सापडलेलं रूप, त्याचं साल, कुठल्या कागदात, मूळ शब्द, कुठली भाषा, गावात काय म्हणतात. शेवटचा रकाना सहज म्हणून टाकलाय. बहुतेक लागणार नाही.

नियम एकच: आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावायचा नाही. आधी जुनी रूपं सालवार लावायची, मग तोंड उघडायचं. इंग्लंडमध्ये 1923 पासून गावनावांची एक संस्था जिल्हावार हेच करत आलीये. लेस्टरशरचं काम बॅरी कॉक्स यांनी केलं, त्यामुळे मला जंगल तोडायचं नाही, पायवाटेनं चालायचंय.

जुनी रूपं शीटमध्ये रोमनमध्ये आहेत. या वहीत ती अक्षराला अक्षर ठेवून देवनागरीत उतरवते. वाचायला विचित्र दिसतील.

14 जानेवारी

तिळगूळ केला, थोडा करपला.

जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच साल येतंय: 1086. फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून येऊन 1066 मध्ये इंग्लंड जिंकलेल्या विल्यम राजानं 1085 च्या नाताळात ग्लॉस्टरला दरबार भरवला असताना फर्मान काढलं आणि पुढच्या वर्षी देशाची मोजदाद झाली. गाव कोणाचं, नांगर किती, गिरण्या किती, जिंकण्याआधी उत्पन्न किती आणि आता किती. तेच डूम्सडे बुक. तेरा हजारांहून जास्त गावं त्यात आहेत. बऱ्याच गावांचं नाव कागदावर आलं ते पहिल्यांदा तिथे, करवसुलीच्या निमित्तानं.

19 जानेवारी

पहिली अडचण. मूळ पुस्तक लॅटिनमध्ये, लिहिणारे नॉर्मन वळणाचे कारकून, आणि नावं मात्र इंग्रजांच्या आणि डेन म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या लोकांच्या तोंडची. कारकुनांना 'थ' जमत नव्हता. म्हणून थर्मस्टन झालं 'तुर्मोदेस्तोने', थर्कस्टन झालं 'तुर्कितेलेस्तोने', थ्रसिंग्टन झालं 'तुर्स्तानेस्तोने'. तिन्ही नावांत डेन लोकांचा 'थोर' नावाचा देव बसलाय: थोर्मोध, थोर्केतिल, थोरस्टाइन अशी तीन डॅनिश माणसं. त्यांच्या नावामागे 'टून' हा इंग्रज शब्द. 'टून' म्हणजे आधी कुंपण, मग कुंपणाच्या आतलं शेतघर, मग गाव, आणि त्याचंच पुढे टाऊन. आपली 'वाडी'सुद्धा संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, त्यावरूनच आलेली. हे जुळलं तेव्हा उगाच आनंद झाला.

संध्याकाळी बाबांना फोन. निवृत्त तलाठी माणूस, गावनावांचा विषय निघाला की त्यांना जेवण सुचत नाही. 'थ' ची गंमत सांगितली.

"अगं, त्यात नवल काय? खडकीचं किर्की कोणी केलं? बाहेरच्या कारकुनाला 'ख' ऐकूच जात नाही. 'ड' तर त्याहून नाही."

"पण बाबा, तुम्ही तर खडकीच म्हणत होतात ना?"

"आम्ही म्हणत होतो म्हणून तर आज स्टेशनवर खडकी आहे."

फोन ठेवल्यावर शीटकडे परत बघितलं. नॉर्मन कारकुनांनी 'त' लिहिला, त्यांच्यानंतरच्यांनीही लिहिला, आणि तरी आज पाटीवर 'थ' आहे. म्हणजे मधल्या काळात थर्मस्टनचे लोक कागदात काय लिहिलंय याची फिकीर न करता 'थ'च म्हणत राहिले.

शेवटचा रकाना लागणार असं दिसतंय.

25 जानेवारी

आज सगळा दिवस अक्षरांच्या भांडणात. जुन्या इंग्रजीत 'थ' साठी स्वतंत्र अक्षर होतं, त्याला थॉर्न म्हणतात. स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर त्याचं 'पी' करतं. त्यामुळे माझ्या शीटमध्ये थोरस्टाइनचा पोरस्टाइन झाला होता. यंत्राला हसू नये. छापखान्याच्या काळात माणसांनीही हेच अक्षर 'वाय' समजून छापलं, आणि दुकानांवर 'यी ओल्ड' अशा पाट्या लागल्या. तिथे खरा उच्चार 'द' हाच.

दुसरी खूण: डूम्सडेमधला 'सीएच' हा बहुधा 'क' असतो. बार्कबीचं रूप बघून 'बार्चेबी' वाचू नये, 'बार्केबी' वाचावं. एवढं कळल्यावर निम्मी नावं ओळखू येऊ लागली. मोडी शिकताना असंच झालं होतं. एका वळणाची सवय झाली की आख्खा कागद बोलायला लागतो.

2 फेब्रुवारी

बेलग्रेव्ह. याच्यासाठीच हा सगळा खटाटोप होता असं आता वाटतंय.

आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं घर नाहीतर आठवड्याची भाजी बेलग्रेव्ह रोडवर. साड्यांची, सोन्याची, फरसाणाची दुकानं आणि दिवाळीचे दिवे. भारतातून कोणी पाहुणे आले की आधी तिथे न्यायचं. लंडनच्या बेलग्रेव्हिया या श्रीमंत वस्तीशी याचा संबंध लावणारे पाहुणेही भेटतात. तो नाही. लंडनचं नाव आलं ते चेशरमधल्या दुसऱ्याच बेलग्रेव्ह गावावरून, ग्रोव्हनर घराण्याच्या जमिनीतून.

मुलांना विचारलं, अर्थ काय असेल? एकानं लगेच सांगितलं, "घंटा आणि थडगं." दुसरीला शाळेतलं फ्रेंच येत होतं, म्हणून "सुंदर थडगं."

डूम्सडेमध्ये हे गाव बेलग्रेव्ह नाहीच. तिथे आहे 'मेर्देग्रावे'. जुन्या इंग्रजीत 'मेअर्थ' म्हणजे मार्टन, मुंगसाच्या चणीचा, झाडांवर राहणारा, मऊ तपकिरी लव असलेला प्राणी. 'ग्राफ' म्हणजे राई. मार्टनांची राई. सरळ, गोड, शिकाऱ्यानं दिल्यासारखं नाव.

मग नॉर्मन आले. त्यांच्या तोंडी 'थ' नाही, म्हणून 'मेअर्थ' चं झालं 'मेर्द'. आणि 'मेर्द' म्हणजे फ्रेंचमध्ये, आता कसं लिहू, शी. विष्ठा. नव्या मालकांना आपल्या गावाचं नाव घेताना तोंड वाकडं करावं लागत असणार. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातच कागदांत 'बेलेग्रावा' दिसायला लागतं. घाणीच्या जागी 'बेल', म्हणजे सुंदर. मार्टन हद्दपार.

थर्मस्टन इथून तीन-चार किलोमीटरवर. तिथे गावानं आपला 'थ' सोडला नाही आणि इथे आख्खं अर्धं नाव गेलं. कारण उघड आहे: तिथे कारकुनाला नुसतं लिहिता येत नव्हतं, इथे मालकाला लाज वाटत होती. अक्षर चुकलं तर लोक दुर्लक्ष करतात. साहेबाला शरम वाटली तर नाव बदलतं. नॉटिंगहॅमचंही बघा. मूळ 'स्नोतिंगेहाम', स्नोट नावाच्या माणसाच्या लोकांचं गाव. नॉर्मन जिभेला सुरुवातीचा 'स्न' जड गेला आणि 'स' गळाला. त्या वेळी कोणाला लाज वाटली होती की नाही, माहीत नाही, पण 'स्नॉट' म्हणजे शेंबूड, म्हणून आज तरी तिथल्या कोणाची तक्रार नसावी.

मुलांना हे सांगायचं कसं? 'मेर्द' शब्द वगळून सांगता येतं, पण मग गंमतच जाते. सांगितलं सरळ. वर्गात पाच मिनिटं काहीच ऐकू येत नव्हतं.

8 फेब्रुवारी

चूक सापडली, माझीच.

लेस्टरशरमध्ये मॅग्ना आणि पार्वा नावांची रेलचेल: ॲशबी मॅग्ना, ॲशबी पार्वा, पीटलिंग मॅग्ना, पीटलिंग पार्वा. लॅटिनमध्ये मॅग्ना म्हणजे मोठं, पार्वा म्हणजे लहान. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. कोंढवा बुद्रुक, कोंढवा खुर्द. फारसीत 'बुजुर्ग' म्हणजे मोठं, 'खुर्द' म्हणजे लहान. दोन्हीकडे दफ्तराची भाषा गेली, शिक्का राहिला. कोंढव्यात आज फारसी कोणी बोलत नाही आणि पीटलिंगमध्ये लॅटिन कोणी बोलत नाही.

म्हणून विग्स्टन मॅग्ना आणि विग्स्टन पार्वा यांना मी डोळे मिटून एकाच ओळीत घातलं होतं. एक मोठं, एक धाकटं, मूळ एकच. विग्स्टन मॅग्ना आमच्या शहराला चिकटलेलं. 1086 चं रूप 'विकिंगेस्तोने', विकिंग नावाच्या माणसाचं टून. छान. पण विग्स्टन पार्वा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉरिकशरच्या सीमेला लागून. त्याचं डूम्सडेमधलं रूप 'विगेस्तान'. शेवटी 'टून' नाही, 'स्तान' आहे. 'स्तान' म्हणजे दगड. वेगळं गाव, वेगळा शब्द, वेगळा अर्थ. झिजत झिजत दोन्ही नावं एकसारखी झाली आणि मग त्यांना वेगळं ओळखायला कोणीतरी मोठं-धाकटं लावून दिलं.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "खुर्द-बुद्रुक बघून गावं सख्खी समजायची नसतात, एवढं आम्ही पहिल्या वर्षी शिकलो." मग तासभर तीन वेगवेगळ्या वडगावांचे किस्से.

11 फेब्रुवारी

छोटी नोंद. लेस्टरच्या नावात एक हरवलेली नदी आहे. जुनं रूप 'लिगोरा-केस्टर', पैकी 'केस्टर' म्हणजे रोमन तटबंदीचं ठाणं, आणि पहिला भाग बहुधा त्या नदीचं जुनं नाव. आज आमच्या नदीला सोअर म्हणतात. जुनं नाव दक्षिणेला लिअर या छोट्या गावात उरलंय, डूम्सडेमध्ये 'लेग्रे'. नकाशावर लिअरपासून लेस्टरपर्यंत एक तुटक निळी रेघ काढायची का? मोह होतोय. नको, नदी त्या रेघेवरून वाहत नव्हती.

22 फेब्रुवारी

शनिवार, पाऊस नाही, म्हणून रीक नदीच्या काठानं फिरून आले. रीक ही सोअरची उपनदी, मेल्टन मोब्रीकडून येते. नाव डेन लोकांचं, अर्थ 'वळणावळणाची'. मेल्टनच्या वर तीच नदी 'आय' होते, आणि ते जुनं इंग्रज नाव, अर्थ फक्त 'नदी'. एकाच पाण्याला खाली डॅनिश आणि वर इंग्रज नाव.

मेल्टन सोडून खाली येताना कर्बी, ॲस्फर्डबी, फ्रिस्बी, रॉदरबी, ब्रुक्सबी, होबी, रिअर्झबी. सात 'बी' एका ओळीत, सगळी नदीच्या अंगाला. डॅनिशमध्ये 'बी' म्हणजे गाव, आजही. रिअर्झबी रेइधर नावाच्या माणसाचं, फ्रिस्बी फ्रिशियन म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्याकडच्या लोकांचं. 877 मध्ये डॅनिश सैन्यानं मर्शिया राज्याचा पूर्वभाग वाटून घेतला आणि लेस्टर त्यांच्या पाच ठाण्यांपैकी एक झालं. त्या गर्दीत काही फ्रिशियनही आले असणार आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या गावाला 'ते फ्रिशियनांचं' म्हणून ओळखलं. कोणीच आपल्या गावाला 'आम्हा फ्रिशियनांचं' म्हणत नसतं. नाव नेहमी शेजारी ठेवतो.

याच घरातला दुसरा शब्द 'थॉर्प', मुख्य गावातून फुटलेली वस्ती. बार्कबी आणि तिच्याजवळ बार्कबी थॉर्प. नकाशावर अर्थ लिहिताना एकही सेकंद विचार करावा लागला नाही: बार्कबीची वाडी.

होबीला मुद्दाम थांबले. 'बी' च्या आधी जो 'हो' आहे तो जुन्या इंग्रजीतला 'होह', म्हणजे टाच. मार्गारेट गेलिंग या बाईंनी आयुष्यभर हे दाखवलं की जुने इंग्रज टेकडीला नुसतं टेकडी म्हणत नव्हते. गोल, सपाट माथ्याची, कडेनं तुटलेली, प्रत्येकीला वेगळा शब्द, आणि जागेवर जाऊन पाहिलं तर आकार जुळतो. 'होह' म्हणजे पालथं पडलेल्या माणसाची टाच जशी वर येऊन एकदम खाली उतरते तसा जमिनीचा पुढे आलेला भाग. होबी खरंच तशाच उंचवट्यावर आहे, खाली रीकचं कुरण. सह्याद्रीत फिरणारा माणूस याला एका शब्दात सांगेल: सोंड. त्यांना टाच दिसली, आपल्याला हत्ती दिसला. नकाशावर 'सोंडेवरचं गाव' लिहिणार. उंची फार नाही हे मान्य. आमच्या मावळातल्या माणसानं ही सोंड पाहिली तर हसेल.

चर्चजवळ एक आजीबाई भेटल्या. गावाचं नाव कसं म्हणता, विचारलं. "होबी, डिअर. नॉट हॉबी." शेवटच्या रकान्यात पहिली पक्की नोंद.

23 फेब्रुवारी

काल रात्री एक प्रश्न पडला. सात 'बी' म्हणजे सात गावं डेन लोकांनी नव्यानं वसवली का? यावर जुनं भांडण आहे. इतिहासकार पीटर सॉयर यांचं म्हणणं, सैन्य काही शेकड्यांचं, एवढी गावं वसवणार कोण. गावनावांचे अभ्यासक केनेथ कॅमरून यांनी पाच ठाण्यांच्या मुलखातली 'बी' गावं जमिनीच्या प्रतीशी लावून पाहिली. इंग्रज गावांनी आधीच चांगल्या जागा घेतल्या होत्या, 'बी' गावं उरलेल्या जागांवर, वाळू-खडीच्या तुकड्यांवर. म्हणजे मागून आलेल्या कुणब्यांची वस्ती. मला कॅमरून पटतात, पण सगळीकडे नाही. कर्बीचा अर्थ 'चर्चचं गाव'. डेन आले तेव्हा ते ख्रिस्ती नव्हते. म्हणजे चर्च आधीच उभं होतं, गाव आधीच होतं, त्यांनी फक्त नाव बदललं. डार्बी शहराचं तर पक्कं ठाऊक आहे, आधीचं इंग्रज नाव 'नॉर्थवर्थी'. नव्यानं वसवलेलं आणि नव्यानं बारसं केलेलं, नावावरून दोन्ही सारखीच दिसतात.

नकाशावर यासाठी वेगळा रंग नको. मुलं रंगाला खरं मानतात.

4 मार्च

ओल्ड डालबी. जिल्ह्यात ग्रेट डालबी आणि लिटल डालबीही आहेत, डूम्सडेमध्ये तिन्ही नुसतं 'डाल्बी', म्हणजे खोऱ्यातलं गाव. त्यात ओल्ड म्हणजे सगळ्यात जुनं असणार ना? नाही. ते 'वोल्ड' होतं, वोल्ड म्हणजे उघडा, उंच माळ. माळावरचं डालबी. 'व' गळला आणि गावाला फुकटात वय मिळालं. नकाशावर 'माळावरचं डालबी'. तिथले रहिवासी रागावले तर रागावोत.

त्याच रात्री ॲशबी-डे-ला-झूश. ॲशबी म्हणजे ॲश झाडाचं गाव, मागे बाराव्या शतकातल्या ब्रिटनी प्रांतातून आलेल्या मालकांचं आडनाव. त्या आडनावाचा अर्थ जुन्या फ्रेंचमध्ये झाडाचं खोड, बुंधा. पुढे झाड, मागे बुंधा. हे मुद्दाम कोणी केलेलं नाही म्हणूनच आवडतं.

15 मार्च

शेवटचा रकाना आता सगळ्यात महत्त्वाचा झालाय. कारण सोपं आहे: रोमनमध्ये लिहिलं की उच्चाराची जबाबदारी वाचणाऱ्यावर. देवनागरीत लिहिलं की ती माझ्यावर. मूक अक्षराला आपल्याकडे जागा नाही.

आज पालकांच्या बैठकीत बेल्व्हॉर की बीव्हर यावर वीस मिनिटं गेली. किल्ल्याचं नाव फ्रेंच, अर्थ 'सुंदर देखावा'. इंग्रज गावकऱ्यांनी ते आपल्या जिभेवर वळवून 'बीव्हर' केलं आणि आजतागायत तेच म्हणतात. एक काका म्हणाले, स्पेलिंगप्रमाणे बेल्व्हॉर लिहा, मुलांचा गोंधळ नको. मी म्हटलं, मग लेस्टरला लायसेस्टर लिहू? बैठक संपली.

असंच ग्रूबी (स्पेलिंग ग्रोबी वाटतं), आणि लफबरा. लफबराचं तर विचारू नका, भारतातून आलेला प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात त्याचं काहीतरी भयंकर करतो. नॉर्मन कारकुनानंही 'लुक्तेबुर्ने' केलं होतं, शेवटचा 'बुर्ह' म्हणजे गढी हा शब्द त्याला कळलाच नाही. नवख्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

ठरलं: गाव जे म्हणतं ते मोठ्या अक्षरात. डूम्सडेचं रूप खाली बारीक. अर्थ त्याच्या खाली.

23 मार्च

इंगर्झबीपाशी नियम अडला.

हॉटन-ऑन-द-हिलच्या जवळ एक गवताळ शेत आहे. उन्हं तिरकी पडली की त्यात उंचवटे आणि खड्डे दिसतात, रस्ते, घरांचे चौथरे. तेच इंगर्झबी. डूम्सडेमध्ये 'इनुआरेस्बिए', इंग्वार नावाच्या डॅनिश माणसाचं गाव. जमीन लेस्टरच्या मठाकडे गेली, आणि 1469 मध्ये मठानं ती कुंपण घालून मेंढ्यांसाठी बंद केली. लोकरीला भाव होता. गाव संपलं.

आता गावकरी काय म्हणतात ते कोणाला विचारणार? शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याला विचारलं, तो म्हणाला 'इंगर्झबी'. घेतलं. पण नकाशावर घालायचं का? मुलांनी मत दिलं: घालायचं, फक्त घरांच्या जागी मेंढी काढायची.

30 मार्च

गुढीपाडवा, आणि नेमकी आजच घड्याळं तासभर पुढे. निम्मे लोक उशिरा आले. नकाशा सकाळी साडेसातला लावून झाला होता, की साडेआठला, देव जाणे.

चुका, पुढच्या छपाईसाठी:

क्वेनीबरा मध्ये 'नी' च्या जागी 'णी' पडलाय. 'राणीची गढी' असा अर्थ असल्यामुळे कोणीतरी मुद्दाम केलं असावं.

थ्रसिंग्टनचा थोरस्टाइन बरोबर आहे, पण खाली अजून एक पोरस्टाइन शिल्लक.

बेलग्रेव्हवर मार्टन काढायचं काम ज्या मुलीकडे होतं तिचं घर बेलग्रेव्ह रोडच्या मागच्याच गल्लीत आहे. तिनं 'बेलग्रेव्ह' बारीक लिहिलं आणि 'मेर्देग्रावे' मोठं, म्हणजे माझ्या नियमाच्या बरोबर उलट. विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडे हेच जुनं आहे ना, मावशी?" बदलायला लावलं नाही. मार्टन मुंगसासारखाच झालाय, मिठाईच्या दुकानाच्या छपरावर बसलेला.